एक पट्टी खाली

सेंट लुईस,
७ मे १९५९

प्रिय आर्डेलिया,

तुझे नाताळचे कार्ड मिळाले होते. त्याची पोच मी जानेवारीतच दिली आहे, म्हणून ती पुन्हा देत नाही. हे पत्र लांबणार आहे. निवांत वेळ असेल तेव्हाच उघडावे, असे पाकिटावर लिहिण्याचा विचार होता. परंतु पाकिटावर नाव-पत्त्याखेरीज काही लिहू नये असे मला शाळेत शिकवलेले आहे. माझी शाळा चारच इयत्तांची झाली, तरी तिथे जे शिकवले ते मी मोडलेले नाही.

आधी बातमी. आपली गल्ली आता निम्मी उरली आहे. कोपऱ्यावरचे न्हाव्याचे दुकान गेले, त्यामागची तिन्ही घरे गेली, आणि सकाळी अंगणात उभे राहिले की थेट रेल्वेचे रूळ दिसतात, जे तुझ्या लहानपणी कधी दिसत नसत. आपले घर पाडायची तारीख वीस मे ही आहे. मला उत्तरेकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. खोल्या स्वच्छ आहेत. जिना अरुंद असून त्याला मध्ये वळण आहे, आणि त्या वळणातून पियानो जाणार नाही. मी स्वतः दोरी घेऊन मोजून आलो. तेव्हा पियानो वीस तारखेच्या आत दुसरीकडे कुठेतरी गेला पाहिजे. कुठे, ते तू ठरवायचे आहेस. त्याची किल्ली तेवीस वर्षे तुझ्याकडे आहे, म्हणून तो तुझा आहे असे मी धरून चालतो.

तुझ्या फिलोमेना आत्याचेही पत्र आले आहे. शिकागोत यंदा हिवाळा फार रेंगाळला, तिचे गुडघे दुखतात, तुला कारखान्यात मुख्य कापणारीची जागा मिळाली, आणि माझ्या नातीची, विनोनाची, पियानोची शिकवणी तू ईस्टरपासून बंद केलीस, असे ती लिहिते. तुझ्या बढतीबद्दल अभिनंदन. कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवून तू कापतेस आणि सर्वांत खालच्या थरातही रेघ एका धाग्याने हलत नाही, असे आत्याने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. शिकवणीबद्दल मला काही म्हणायचे नाही. तुझ्या घरात काय चालावे आणि काय बंद व्हावे, हा तुझा अधिकार आहे.

आता पियानोबद्दल.

डाव्या हाताचे काम तुला आठवत असेलच. तरीही मी ते इथे नीट मांडतो, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे. रॅगटाइमच्या चालीत उजवा हात मिरवतो आणि डावा घर चालवतो. पहिल्या मात्रेला डाव्याची करंगळी खर्जाचा सूर धरते; दुसऱ्या मात्रेला तोच हात दीड-दोन सप्तके वर येऊन तीन सुरांचा मेळ वाजवतो; तिसऱ्या मात्रेला पुन्हा खाली. मिनिटाला शंभराच्या आसपास झेपा होतात आणि या सर्व वेळी डोळे उजव्या हाताला हवे असतात. जो पाहून झेप घेतो तो पोचतो, परंतु उशिरा पोचतो. म्हणून डाव्या हाताला न पाहता अंतर कळले पाहिजे, हे मी तुला आठव्या वर्षी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

हात उंच उडवायचा नाही. कोंबडी कुंपणावर उडते तसा हात उडवणारे पुष्कळ पाहिले. त्यांचे ऐकायला लोक एकदा येतात. टेबलावरचा चुरा झाडावा तसा हात पट्ट्यांच्या लगत, सपाट न्यायचा. खर्ज वाजला की तिथे रेंगाळायचे नाही. वाजवणे आणि निघणे ही एकच क्रिया आहे. मात्र वर पोचल्यावर घाई नाही. बोटे आधी पट्ट्यांवर टेकली पाहिजेत, मग दाबली पाहिजेत. पहिले पंधरा दिवस मी तुला आवाज करूच दिला नाही. झेप घे, टेकव, थांब, पाहा. बरोबर टेकली असतील तरच दाब. शेजारचे लोक विचारत, मुलगी शिकते आहे म्हणता तर ऐकू का येत नाही. त्यानंतर तुझ्या हातांवर पिठाच्या पोत्याचे धुतलेले फडके टाकून मी तेच करून घेतले. तुझी आई दारातून बघत असे. "मिस्टर पर्नेल," ती मला म्हणाली, "मुलीला पियानो शिकवताय की अंधारात कोंबड्या चोरायला?" तू फडक्याखाली हसलीस आणि तरीही बरोबर पट्टीवर पोचलीस. मी हसलो नाही. हसायला हवे होते.

डोळे मिटून झेप घेणाऱ्याला एक स्थिर खूण लागते. आपण कुठे बसलो आहोत हे ठाऊक नसेल तर अंतर ठाऊक असून उपयोग नाही. तू लहान होतीस, स्टुलावर कधी अलीकडे बसायचीस, कधी पलीकडे. म्हणून मी तुला एक नियम दिला. पियानोच्या पट्ट्यांवरचे झाकण वर उलटले की त्याच्या मधोमध असलेले पितळी कुलूप वाजवणाऱ्याच्या समोर येते. त्या कुलपाच्या भोकासमोर आपल्या फ्रॉकचे मधले बटण आणायचे. तिथून डाव्या हाताला आपला रस्ता कळतो. तुझ्या आईने तुझ्या प्रत्येक फ्रॉकला मधले बटण तेवढे लाल लावले. तू नऊ वर्षे त्या लाल बटणावर बसलीस. रविवार धरून, रोज दीड तास. तुला ताप असताना एकदा मी नको म्हणालो, तेव्हाही तू उठून बसलीस. हे मी विसरलेलो नाही.

आता मला १९३६ सालच्या ईस्टरनंतरच्या सोमवारबद्दल लिहिले पाहिजे. त्याविषयी आपण दोघे आजवर एकदाही बोललेलो नाही. माझ्या बाजूने कारण असे की बोलण्यासारखे काही उरले आहे असे मला वाटत नव्हते.

रेल्वेच्या जेवणाच्या डब्यांतल्या वेटरांच्या हॉलमध्ये त्या दिवशी स्पर्धेत दहा जण वाजवणार होते, त्यांत तू एकटी मुलगी. सतरा वर्षांची. पांढरा पोशाख, त्याला एक लाल बटण. तुझ्याआधी जे वाजवून गेले त्यांतल्या दोघांचा डावा हात चांगला होता, बाकीच्यांचा नुसता मोठा होता. तू गेलीस, स्टूल सरकवलेस, बटण कुलपासमोर आणलेस, मी शिकवल्याप्रमाणे दोनदा श्वास घेतलास. मी तुझ्या आईच्या नावाने बांधलेली चाल तू घेतली होतीस. पहिले दोन भाग असे वाजले की मागच्या रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, "पोरगी बापाला घरी बसवणार." लोक हसले. ते वाक्य मला फार आवडले होते. हे मी तुला तेव्हा सांगायला हवे होते; संध्याकाळी सांगेन असे ठरवले होते.

तिसऱ्या भागात डावा हात दोन सप्तके खाली जातो, आणि उजव्याला एवढे काम असते की नजर त्याच्यावरून काढता येत नाही. तिथे खालचा एफ हा सूर यायला हवा. त्याऐवजी त्याच्या लगतचा खालचा ई आला. वरचा मेळ बरोबर आला, पुन्हा खाली गेलीस, पुन्हा ई. त्या भागात ती झेप आठ वेळा आहे. आठही वेळा ई वाजला. तिसऱ्या वेळेला कुणीतरी खाकरले, पाचव्या वेळेला एक बाई हसली. तू थांबली नाहीस, शेवटपर्यंत वाजवलेस. पंचांपैकी एकाने माझ्याकडे पाहिले.

त्यानंतर मी जे केले ते तुला ठाऊक आहे, परंतु ते मी स्वतःच्या अक्षरात लिहिणे आवश्यक आहे. मी उठून पुढे आलो. तू हळूच म्हणालीस, "पपा, इथला पियानो सरकलेला आहे." मी हळू बोललो नाही. मी म्हणालो, "पियानो चार माणसांवाचून सरकत नाही. हिच्या डाव्या हाताला अंतर कळत नाही." हॉलमधल्या सर्वांनी ते ऐकले. मग मी तुला स्टुलावरून उठवले, स्वतः बसलो, आणि तोच तिसरा भाग त्याच पियानोवर डोळे मिटून वाजवून दाखवला. आठही वेळा एफ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू शेजारी उभी होतीस, पोशाखाचे ते बटण मुठीत धरून.

घरी येऊन तू पियानोचे झाकण लावलेस, कुलूप फिरवलेस आणि किल्ली स्वतःजवळ ठेवलीस. सप्टेंबरात शिकागोला गेलीस तेव्हा ती तुझ्याबरोबर गेली.

मी एक्केचाळीस वर्षे पियानोच्या कारखान्यात काम केलेला माणूस आहे. असले कुलूप मला एका खिळ्याने उघडता येते. तुझी आई ते जाणून होती. दर शनिवारी ती त्या बंद झाकणावरून फडके फिरवत असे, आणि दर शनिवारी म्हणत असे, "मिस्टर पर्नेल, उघडा ते." मी म्हणत असे, ज्याने लावले त्याने उघडावे. एकदा ती चिडून म्हणाली, "मी आधी गेले तर तुम्हा दोघांना या पियानोच्या आतच बसवून जाईन, मग बसा भांडत." ती आधी गेली. तिच्या अंत्यविधीला तू आलीस, दोन दिवस राहिलीस. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणाले, घरात पियानो आहे, एखादे भजन होऊ द्या. तू माझ्याकडे पाहिलेस. मी तुझ्याकडे पाहिले. तुझ्या पर्समध्ये किल्ली होती याची मला आजही खात्री आहे. तू मला विचारावेस असे मला वाटत होते, आणि मी तुला म्हणावे असे तुला वाटत असावे. शेवटी फिलोमेनाने बिनवाद्याचेच म्हटले आणि सूर फार वर धरला.

हे सर्व तुला माहीत आहे. यापुढचे माहीत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लेम्युएल स्ट्रिबलिंग घरी आला. कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर असे तो. तुझ्या लहानपणी तुला लाकडाच्या सालपटांच्या अंगठ्या करून देई. आता सत्तरीचा आहे आणि अजून पियानो हलवण्याची कामे धरतो. पियानो किती जड, कुठून बाहेर काढायचा, हे पाहायला मी त्याला बोलावले होते. कुलूप पाहून तो म्हणाला, "तेवीस वर्षं पियानोला कुलूप? आमच्याकडे व्हिस्कीला लावतात." मी त्याला सांगितले की किल्ली शिकागोत आहे आणि कुलूप फोडायचे नाही. तो म्हणाला, फोडतो कोण, खालून जाऊ. पट्ट्यांच्या पुढे जी लांब लाकडी फळी असते, जिच्या भोकात कुलपाची जीभ उतरते, ती खालून चार स्क्रूंनी धरलेली असते. ती काढली की जीभ मोकळी होते. कुलूप तसेच लागलेले राहते आणि झाकण वर येते. तू लावलेले कुलूप मी उघडलेले नाही. हे मुद्दाम नमूद करतो.

लेम्युएलने ती फळी काढून खिडकीजवळ नेली आणि उलटी करून बराच वेळ पाहिली. मग विचारले, "पर्नेल, हे बूच कुणाचं काम?" मी चष्मा लावून पाहिले. कुलपाची जीभ उतरते त्या भोकाच्या डाव्या बाजूला, बरोबर एका इंचावर, दुसरे एक जुने भोक होते आणि ते अक्रोडाच्या लाकडाचे बूच ठोकून बुजवलेले होते. वरून रंग दिलेला असल्याने बाहेरून काहीच दिसत नव्हते. आतून मात्र स्वच्छ दिसत होते. लाकडाचे तंतू फळीच्या तंतूंशी जुळवून बसवले होते, फट म्हणून नव्हती. मी म्हणालो, काम माझे आहे. अभिमानाने म्हणालो. लेम्युएल म्हणाला, "काम सुरेखच आहे. पण मूळ भोक इथे होतं, तर तू कुलूप तिथे का नेलंस?"

मी फळी त्याच्या हातून घेतली. मला सर्व आठवत होते, फक्त ते आजवर मी ओळीने लावलेले नव्हते.

हा पियानो घरी आणला तेव्हा त्याचे झाकण फुटलेले होते. १९२७ साल, तुझे आठवे वर्ष. कारखान्यात एका मोठ्या, आपोआप वाजणाऱ्या पियानोचे झाकण पडून होते. लाकूड उत्तम, परंतु लांबीला दोन इंच जास्त. उजव्या टोकाला एक बारीक चीरही होती. एखाद्या नवशिक्याने दोन्ही टोकांनी एकेक इंच कापले असते आणि चीर तशीच राहिली असती. मी दोन्ही इंच उजवीकडूनच कापले. चीर गेली आणि लांबीही जमली. एका कापात दोन कामे झाली म्हणून मी त्या दिवशी स्वतःवर खूश होतो. तुझ्या आईलाही सांगितले होते. दोन्ही इंच एकाच टोकाकडून गेल्यावर झाकणाचे कुलूप मध्यावर राहिले नाही, एक इंच उजवीकडे आले. जुने भोक त्याच्याशी जुळेना, म्हणून ते मी बुजवले आणि एक इंचावर नवे पाडले. मग तुला हाक मारून, त्या कुलपासमोर बसवून म्हणालो, हा पियानोचा मध्य आहे.

आर्डेलिया, एक इंच म्हणजे जवळजवळ एका पांढऱ्या पट्टीची रुंदी.

नऊ वर्षे तुझा डावा हात त्या जागेवरून निघून एक इंच जास्त जायला शिकला, आणि बरोबर शिकला. घरी तो कधीच चुकला नाही. हॉलमधल्या पियानोचे कुलूप मात्र खऱ्या मध्यावर होते. तू माझा नियम पाळलास, बटण कुलपासमोर आणलेस, आणि तुझा हात त्याला शिकवलेले अंतर काटेकोर गेला. वरचा मेळ उजव्या हाताशेजारी, नजरेच्या कोपऱ्यात होता, म्हणून तो सावरला गेला. खालचा नजरेबाहेर होता, म्हणून एक पट्टी खाली. आठही वेळा एक पट्टी खाली. कारखान्यात एखाद्या मुलाच्या हातून आठ तुकडे आठ तऱ्हांनी चुकले तर मी त्याला दोष देत असे. आठही तुकडे एकाच मापाने चुकले तर मी त्याच्या हातातली मोजपट्टी घेऊन तपासत असे, कारण जो आठ वेळा तितकाच चुकतो त्याचा हात पक्का असतो. परक्यांच्या मुलांसाठी मी हे करत होतो.

मी स्वतः त्या दिवशी का चुकलो नाही, हे तू तेव्हा स्वतःला विचारले असशील. त्याचे उत्तर मला सर्वांत अवघड जाते. मी आयुष्यात कधी कुलपाकडे पाहून बसलो नाही. तुझ्या तेव्हाच्या वयाचा होण्याआधीच मी मार्केट स्ट्रीटवर मिळेल त्या मोडक्या पियानोवर वाजवले होते. एकालाही धड झाकण नव्हते. मी करंगळीच्या कडेने काळ्या पट्ट्यांची जोडी आणि तिकडी चाचपत खाली जातो. म्हणजे जो नियम तुला दिला तो मी स्वतः एक दिवसही वापरला नव्हता, आणि तरीही तो पाळल्याने झालेल्या चुकीचा दोष तुझ्यावर ठेवला.

लेम्युएल गेल्यावर मला एक शंका आली. मी हे सारे तुला दोषमुक्त करण्यासाठी, किंवा घर जाणार म्हणून मन हळवे झाल्यामुळे रचत तर नाही? मोजल्याशिवाय मी लिहिणार नव्हतो. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या जागी बसलो. शर्टाचे तिसरे बटण कुलपाच्या भोकासमोर. करंगळीने चाचपायचे नाही, असे स्वतःला बजावून. हातांवर फडके. सकाळी दीड तास, दुपारी दीड तास, चार आठवडे. झेप, टेकव, थांब, पाहा. पहिल्या आठवड्यात फार चुकलो. चौथ्या आठवड्यात मी विसातून एकोणीस वेळा बरोबर पोचू लागलो. तू आठव्या वर्षी दोन आठवड्यांत पोचली होतीस, हेही मला आठवले.

मग गेल्या बुधवारी मी चर्चच्या तळघरात गेलो. तिथल्या पियानोचे झाकण मूळचे आहे. मी आधी मापून पाहिले. सिस्टर ओझेला खुर्च्या पुसत होत्या. मी बसलो, बटण कुलपासमोर आणले, डोळे मिटले आणि तुझा तिसरा भाग सुरू केला. खाली ई वाजला. पुन्हा ई. मी वीस झेपा मोजून घेतल्या. अठरा वेळा ई आला. सिस्टर ओझेलांनी फडके खाली ठेवले आणि म्हणाल्या, "ब्रदर पर्नेल, त्याच्या वरची वाजवा ना. एवढं तर मलाही ऐकू येतंय." मी म्हणालो, येत नाही. त्या म्हणाल्या, "वय झालं, त्याला काय इलाज." मी त्यांचे आभार मानले. त्या मला आता जरा बिघडलेला समजतात, कारण मी आभार मानताना हसत होतो. शहाहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी लोकांसमोर वाजवताना इतका चुकलो नव्हतो, आणि कुठलीही टाळी मला इतकी बरी वाटली नव्हती.

आता हे पत्र का लिहिले ते लिहितो. वर म्हटले की शिकवणीबद्दल मला काही म्हणायचे नाही. ते खरे नव्हते. फिलोमेनाने तुझे शब्द जसेच्या तसे कळवले आहेत. शिकवणाऱ्या बाईंनी विनोनाचा डावा हात खाली चुकतो असे म्हटल्यावर तू म्हणालीस, "आमच्या घरातल्या डाव्या हाताला अंतर कळत नाही. उगाच पोरीची फजिती नको." ते वाक्य तुझे नाही. ते माझे आहे, वेटरांच्या हॉलमध्ये सर्वांदेखत बोललेले, आणि ते खोटे होते. ते मी परत घेत आहे. तू ते तेवीस वर्षे बाळगलेस याला मी जबाबदार आहे. ते विनोनाच्या हातात जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र. फळीतून काढलेले ते अक्रोडाचे बूच पाकिटात ठेवले आहे. शंका वाटली तर फळीवरच्या दोन भोकांतले अंतर मोजून घे. कुलूप मी पुन्हा मध्यावर नेलेले नाही. एकदा हलवले तेवढे पुरे. झाकणावर खऱ्या मध्याशी चाकूने एक बारीक रेघ ओढली आहे, ती तुला दिसेल. लेम्युएलची गाडी वीस तारखेला निघेल. तुझा निरोप आला तर शिकागोला, नाही आला तर चर्चच्या तळघरात, आणि दोन्हीपैकी काहीही झाले तरी मी वाईट मानणार नाही. किल्ली परत पाठवू नकोस. ती तुझी आहे. पियानो तुझ्याकडे आला तर विनोनाला कुलपासमोर बसवू नकोस, रेघेसमोरही नको. तिला हवे तिथे बसू दे आणि करंगळीने स्वतः चाचपत खाली जाऊ दे. आणि वाजवता वाजवता ती कधी म्हणाली की पियानो सरकला आहे, तर तिला काही बोलण्याआधी फूटपट्टी घे.

एका इंचाने चुकलेला, तुझाच,
पपा